ऊब कोणाची? : स्लीपिंग बॅग निवडण्याआधी



मागच्या वेळी आपण न्यायशास्त्रातल्या अनुमानावर बोललो. व्याख्यान संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली आणि म्हणाली, "सर, विषय वेगळा आहे, पण विचारू का? डिसेंबरात आमचं सात दिवसांचं शिबिर आहे आणि मे महिन्यात हिमाचलात ट्रेक. एकच स्लीपिंग बॅग घेता येईल, एवढेच पैसे आहेत. कोणती घेऊ? एका दुकानदाराने उणे दहावाली सांगितली."

आजूबाजूचे चारदोन जण हसले. तत्त्वज्ञानाच्या मास्तरला अंथरुण-पांघरुणाचा सल्ला विचारणं त्यांना गमतीचं वाटलं असावं. आम्हाला मात्र तो प्रश्न मागच्या व्याख्यानाच्या अगदी पोटातला वाटला. बॅगेवर 'उणे दहा' असं लिहिलेलं आहे, म्हणून उणे दहा अंशात झोप लागेल, हे अनुमानच आहे की नाही? आणि ते कधी खरं, कधी खोटं, हे तपासणं आमचं कामच आहे. म्हणून आजचा विषय हा. शिवाय या विषयात आम्ही दोनदा चुकलो आहोत. पहिल्या चुकीची किंमत आम्हाला नव्हे, एका पोराला मोजावी लागली असती.

आर्वी तालुक्यातली एक रात्र

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली, हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही काही वर्षं महाविद्यालयात तिचे कार्यक्रम अधिकारी होतो. आर्वी तालुक्यातल्या एका गावात आमचं हिवाळी शिबिर होतं. दिवसभर नाल्यावर बांध घालण्याचं श्रमदान, संध्याकाळी प्रबोधन, रात्री मुक्काम शाळेत. मुली वर्गखोलीत, मुलं व्हरांड्यात. खाली शहाबादी फरशी, तिच्यावर एक सतरंजी. प्रत्येकाजवळ घरून आणलेली चादर किंवा ब्लँकेट.

त्या दिवशी एक मुलगा नाल्यात पाय घसरून कमरेपर्यंत भिजला होता. दुसरे कपडे नव्हते. तसाच शेकोटीजवळ बसला आणि अर्धवट ओल्या कपड्यांतच झोपला. रात्री दोनच्या सुमारास मित्रांनी उठवलं, "सर, हा कापतोय." आम्ही आमचं ब्लँकेट त्याच्या अंगावर घातलं. आणखी दोघांनी आपापली चादर दिली. चार पांघरुणं झाली. अर्ध्या तासाने कापरं थांबलं. आम्ही निश्चिंत झालो आणि सगळ्यांना झोपायला सांगितलं.

तेवढ्यात शाळेचे रखवालदार कंदील घेऊन आले. त्यांनी मुलाला हाक मारली. तो काहीतरी बोलला, पण जीभ जड, शब्द तुटके. रखवालदारांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सर, अंगावर कितीबी घाला, खाली काय हाय? थंडी तं फरशीतून येते नं!"

पुढचं सगळं त्यांनी आणि त्यांच्या घरच्या बाईंनी केलं. ओले कपडे काढले. गोठ्यातून कडब्याच्या पेंढ्या आणून वीतभर जाड पसरल्या, वर गोणपाट, त्यावर गोधडी. मुलाला मध्ये झोपवलं, दोन्ही बाजूंना दोन धडधाकट मित्र, वर सगळी पांघरुणं. नीट बोलायला लागल्यावर त्याला गुळाचा गरम चहा दिला. पहाटेपर्यंत मुलगा ठीक झाला. आज तो स्वतः आजोबा आहे.

कापरं थांबलं म्हणजे अंगात ऊब आली, असं आम्ही धरून चाललो होतो. पण कापणं हा शरीराचा उष्णता निर्माण करण्याचा खटाटोप असतो. माणूस गरम न होताच कापरं थांबलं आणि बोलणं अडखळू लागलं, तर शरीराने हात टेकले असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी ताबडतोब ओले कपडे काढायचे, खालून-वरून गुंडाळायचं आणि दवाखान्याची सोय बघायची. आजच्या व्याख्यानातलं एवढं एकच वाक्य घरी नेलंत तरी आमचं काम झालं.

थंडी ही वस्तू आहे का?

आपण म्हणतो, "थंडी आत येते", "थंडी लागते". जणू थंडी नावाची काही वस्तू आहे आणि पांघरूण तिला दारातच अडवतं. आमच्या जुन्या वैशेषिकांनीसुद्धा शीतस्पर्श हा पाण्याचा स्वतंत्र गुण मानला आणि उष्णस्पर्श तेजाचा. पदार्थविज्ञान आज सांगतं की थंडी ही वेगळी वस्तू नाही. उष्णता एका जागेहून दुसरीकडे जाते, आणि ती आपल्यातून गेली की आपल्याला थंडी वाजते. गंमत बघा, ज्या परंपरेने 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला, तिने थंडीला मात्र अभावात घातलं नाही!

रखवालदार म्हणाले, थंडी फरशीतून येते. शास्त्राच्या भाषेत, मुलाची ऊब फरशीत जात होती. भाषा वेगळी, पण निदान त्यांचं बरोबर होतं आणि आमचं चूक होतं.

यातून पहिला मुद्दा निघतो. स्लीपिंग बॅग ऊब देत नाही. ऊब तुमची. जेवलेल्या भाकरीची म्हणा, अंगातल्या रक्ताची म्हणा. बॅग फक्त ती धरून ठेवते. कशाने? तर स्थिर हवेने. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे, मात्र ती हलता कामा नये. कापूस, लोकर, पिसं, कृत्रिम तंतू, सगळ्यांचं काम एकच, हवेला लहान लहान कप्प्यांत बसवून ठेवणं. म्हणून बॅग किती जड आहे यापेक्षा ती किती फुगते हे बघायचं.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. रजई दबून तिचे गठ्ठे झाले की पिंजाऱ्याला बोलवायचं, त्याने धनुकलीने कापूस पिंजून पुन्हा फुलवायचा. कापसाचं वजन तेवढंच, पण रजई पुन्हा ऊबदार. पिंजारी कापसात उष्णता घालत नव्हता, हवा घालत होता.

आकड्याची उपाधी

आता त्या 'उणे दहा'कडे येऊ. मागच्या वेळचं उदाहरण आठवा. जिथे धूर तिथे अग्नी, हे पक्कं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे पक्कं नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या, अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओलं इंधन लागतं. ही अट, हिलाच 'उपाधी' म्हणतात. उपाधी न सांगता केलेलं विधान माणसाला फसवतं.

बॅगेवरचा आकडा असाच सोपाधिक आहे. युरोपात २००२ साली यासाठी एक मानक ठरलं, ईएन १३५३७. पुढे २०१६ मध्ये आयएसओ २३५३७ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. चाचणी अशी की, माणसाच्या आकाराचा, आतून तापवलेला पुतळा अंगभर आतले कपडे घालून, खाली मॅट टाकून बॅगेत झोपवतात आणि त्याची उष्णता किती वेगाने जाते ते मोजतात. त्यावरून मुख्यतः तीन आकडे काढतात.

पहिला 'कम्फर्ट'. प्रमाण म्हणून धरलेली स्त्री हातपाय सैल सोडून आरामात झोपू शकेल, ते तापमान. दुसरा 'लिमिट'. प्रमाण पुरुष अंगाचं मुटकुळं करून आठ तास न उठता कसाबसा झोपेल, ते. तिसरा 'एक्स्ट्रीम'. यात झोपेचा प्रश्नच नाही. प्रमाण स्त्री सहा तास जीव धरून राहील, हिमदंश झाला तरी होऊ शकेल, असं ते तापमान. आणि हे प्रमाण स्त्री-पुरुष कोण? पंचवीस वर्षांचे, निरोगी. ती साठ किलोची, तो त्र्याहत्तर किलोचा.

एकाच बॅगेचे आकडे उदाहरणादाखल असे असू शकतात : कम्फर्ट ५, लिमिट ०, एक्स्ट्रीम उणे १५. आता दुकानात यातला कोणता आकडा ठळक छापलेला असेल, ते तुम्हीच ओळखा.

आमची दुसरी चूक इथली. निवृत्तीनंतर मित्रांबरोबर हिमाचलात जायचं ठरलं. आम्ही 'उणे दहा' वाचून बॅग आणली. रात्री तंबूत तीन-चार अंश होते, उणे काहीच नाही, तरी आम्ही पहाटेपर्यंत गुडघे पोटाशी घेऊन रात्र काढली. सकाळी चश्मा लावून आतली बारीक चिठ्ठी वाचली. उणे दहा हा एक्स्ट्रीम होता, कम्फर्ट होता ९! आकडा खोटा नव्हता. आम्ही उपाधी वाचली नव्हती. शिवाय आमचं वय साठ आणि पुतळ्याचं पंचवीस.

म्हणून नियम असा : फक्त कम्फर्टचा आकडा बघायचा, मग तुम्ही पुरुष असा की स्त्री. जिथे जायचं तिथल्या सगळ्यात थंड पहाटेपेक्षा तो तीन-चार अंश खालचा घ्यायचा. वय झालेलं, अंगाने बारीक, दमलेले किंवा उपाशी झोपणारे, यांनी आणखी थोडा खालचा. आणि ज्या बॅगेवर एकच आकडा आहे आणि तो कोणता हे सांगितलेलं नाही, ती दुकानातच राहू द्यायची.

आत काय भरलंय?

भरणीचे प्रकार मुख्यतः दोन. एक 'डाउन', म्हणजे बदक-हंसांच्या पिसांखालची मऊ लव. वजनाला हलकी, दाबली की मूठभर होते, सोडली की फुगते. तिची प्रत 'फिल पॉवर'वर मोजतात, एक औंस लव किती घनइंच जागा व्यापते ते. ५५० साधी, ८०० उत्तम. पण ओली झाली की ती लगदा होते, फुगणं संपतं आणि ऊबही संपते. वाळवायला वेळ लागतो आणि किंमतही भारी.

दुसरी कृत्रिम, म्हणजे पॉलिएस्टरचे तंतू. तेवढ्याच उबेसाठी जड आणि जागा खाणारी. पण ओली झाली तरी काही प्रमाणात फुगलेली राहते, लवकर वाळते, घरी धुता येते आणि स्वस्त पडते. पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओल धरत नाही. कापूस साधारण आठ टक्के धरतो आणि पावसात सापडला तर विचारूच नका.

आपण कापसाच्या मुलखातली माणसं. कापसाविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. पण वर्ध्याच्या कोरड्या थंडीत, घरात, गोधडी-रजईला तोड नाही, हे जितकं खरं, तितकंच ओल्या तंबूत ती ओझं होते, हेही खरं. लोकरीची गोष्ट निराळी. ती कापसाच्या दुप्पट ओल पोटात घेते आणि तरी अंगाला लगेच गारठा लागू देत नाही. धनगर पावसाळ्यात घोंगडी का वापरतो, याचं उत्तर यात आहे.

आकाराचं थोडक्यात सांगतो. चौकोनी बॅग ऐसपैस, पण आतली जास्तीची हवा तुम्हालाच तापवावी लागते. पायाकडे निमुळती, डोक्याला टोपी असलेली 'ममी' बॅग ऊब चांगली धरते, पण कूस बदलताना अडचण. फार घट्ट घेऊ नका, अंगाने भरण दाबली गेली की तेवढ्या जागी ऊब गेली. चेनच्या आतून जाड पट्टी हवी, नाहीतर चेनच्या फटीतून वारा शिरतो. चेन पायापर्यंत पूर्ण उघडणारी असली की तीच बॅग उकाड्यात चादरीसारखी पांघरता येते. वर्ध्याच्या माणसाने ही शेवटची गोष्ट जरूर बघावी.

खालची बाजू

आता रखवालदारांच्या मुद्द्यावर परत येऊ. बॅगेचा खालचा अर्धा भाग तुमच्या वजनाने दाबला जातो. तिथली हवा निघून जाते, म्हणजे तिथे बॅग असून नसल्यासारखी. म्हणून खाली अंथरायची कॅरीमॅट ही बॅगेइतकीच महत्त्वाची. तिच्या अडथळ्याचा आकडा 'आर-व्हॅल्यू'. एक-दोन उन्हाळ्याला, दोन ते चार आपल्या हिवाळ्याला, त्याच्यावर बर्फाला. हे आकडे बेरजेत येतात, दोन मॅट एकावर एक टाकल्या की दोघींची बेरीज. पैसे कमी असतील तर बॅग मध्यम घ्या, पण मॅट चांगली घ्या. तीही नसेल तर कडबा, तणस, कोरडा पाला, जुनी वर्तमानपत्रं, खाली ताडपत्री. जागलीला जाणारा शेतकरी महागडी मॅट कुठून आणेल? पण नुसत्या मातीवर तोही झोपत नाही.

बाजेवर झोपणाऱ्यांनी निर्धास्त होऊ नये. बाजेखालून हवा खेळते आणि उन्हाळ्यात जी मजा, तीच हिवाळ्यात सजा. तिथेही अंगाखाली जाड गोधडी हवीच. बाजेचा मोठा फायदा वेगळा आहे. आपल्याकडे रात्री जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार चावते. दंश इतका बारीक की कित्येकदा कळत नाही. म्हणून उघड्यावर जमिनीवर झोपू नका. बंद तंबू, नाहीतर बाज आणि चारही बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी. बॅगेत शिरण्यापूर्वी ती झटका.

आपले ऋतू, आपली गरज

वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहाच्या खाली येतो. शेजारच्या नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंशांची नोंद झाली. म्हणजे एकाच गावात चाळीस अंशांचा फरक. एकच बॅग याला कशी पुरणार?

उन्हाळ्यात बॅग नकोच, सुती चादर आणि मच्छरदाणी पुरे. पावसाळ्यात सह्याद्रीत जायचं तर पातळ कृत्रिम बॅग, तीही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. हिवाळ्यात जिल्ह्यातल्या शिबिराला ५ ते ८ कम्फर्टची बॅग आणि मॅट. जागा निवडताना लक्षात ठेवा, थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन नदीकाठी साचते. धामच्या काठावर आणि वरच्या टेकाडावर पहाटे फरक जाणवतो. तंबू अगदी काठावर न ठोकता थोडं वर ठोका.

उंचीचाही हिशोब करा. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश कमी. वर्ध्याहून चिखलदऱ्याला गेलात की साधारण नऊशे मीटर चढलात, म्हणजे पाच-सहा अंश गमावलेत. हिमालयात साडेतीन हजार मीटरवर मे महिन्यातही पहाटे शून्याच्या आसपास उतरतं.

तर त्या विद्यार्थिनीला आमचं उत्तर : बाई, कम्फर्ट ५ ची, कृत्रिम भरणीची, चेन पूर्ण उघडणारी बॅग घे. वाचलेल्या पैशात चांगली मॅट आणि आतून घालायचं पातळ अस्तर घे, त्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि बॅग मळत नाही. हिमाचलात तिथलीच जाड बॅग भाड्याने घे, किंवा आयोजक देत असतील तर तिचा कम्फर्ट आधी विचार. वर्षातल्या चार रात्रींसाठी उणे दहाची बॅग घेऊन उरलेली वर्षं ती कपाटात ठेवण्यात शहाणपण नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*बॅगेत भरपूर कपडे घालून झोपावं की कमी?*
कोरडे कपडे घाला. कमी कपड्यांत जास्त ऊब मिळते, हा गैरसमज आहे. फक्त इतके घालू नका की बॅग आतून ताणली जाईल. टोपी आणि कोरडे मोजे सगळ्यात कामाचे. दिवसभर घामेजलेले मोजे मात्र काढा.

*तोंड आत घेऊन झोपलं तर?*
नाक-तोंड बाहेरच ठेवा. श्वासातली वाफ बॅगेत मुरते आणि पहाटेपर्यंत भरण ओलसर होते.

*तंबूत शेगडी ठेवली तर चालेल का?*
मुळीच नाही. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळा आणि पायाशी ठेवा. झोपण्याआधी काहीतरी खा. इंधन आत गेलं तर शेगडी आत पेटेल.

*बॅग ठेवायची कशी?*
प्रवासात दाबून, घरी मोकळी. महिनोन्‌महिने छोट्या पिशवीत कोंबून ठेवली तर तिचं फुगणं कायमचं कमी होतं. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. प्रवासाहून आल्यावर आधी वाळवा, मग ठेवा. दिवाळीनंतर गाद्यांना ऊन दाखवतो तसंच.

शेवटी एकच. त्या रात्री आमच्याकडे चार पांघरुणं होती, एम.ए.च्या वर्गात शिकवलेलं सगळं अनुमानशास्त्रही होतं. पण मुलाच्या पाठीखाली हात घालून फरशी किती गार आहे, हे आम्ही बघितलं नव्हतं. रखवालदारांनी ते बघितलं. या डिसेंबरात तुमच्यापैकी जे शिबिराला मुलं घेऊन जाणार आहेत, त्यांना विनंती, रात्री झोपण्याआधी एक फेरी मारा. कोणाच्या अंगावर काय आहे ते बघाच, पण अंगाखाली काय आहे ते आधी बघा. आणि ज्याच्याकडे काहीच नसेल, तो मुलगा स्वतःहून सांगणार नाही, हेही लक्षात असू द्या.